अण्णांची पिशवी

माणसाची ओळख कशावरून पटते? खेड्यात हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पारावर बसलेला म्हातारा रस्त्याने जाणाऱ्या मुलाकडे एकदा पाहतो आणि ‘हा अमक्याचा नातू’ असे सांगून मोकळा होतो. चालण्याची ढब आणि नाकाची ठेवण एवढे त्याला पुरते. परंतु मोठ्या शहरात, बँकेच्या खिडकीपाशी किंवा सरकारी कचेरीत, आपला चेहरा कोणाच्याच परिचयाचा नसतो. तेथे आपल्या वतीने कागद बोलतो. आणि कागदाचे असे आहे, की तो ज्याच्या हाती असेल त्याच्या वतीने बोलू लागतो. ह्याचा प्रत्यय आमच्या घरी कसा आला, ती हकीकत येथे सांगतो.

आमच्या वडिलांना घरात सगळे अण्णा म्हणतात. चौतीस वर्षे शिक्षकाची नोकरी करून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात आपल्या हयातीचा दाखला द्यावा लागतो. हा दाखला आता घरबसल्याही देता येतो. पण अण्णांना ते पटत नाही. ‘मी जिवंत आहे हे सांगायला मी स्वतः जाणार,’ असे म्हणून ते पुण्याहून साताऱ्याला आपल्या जुन्या बँकेत जातात, चार ओळखीच्या माणसांना भेटतात, आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत येतात. २०२३ सालच्या नोव्हेंबरच्या २२ तारखेस ते असेच गेले. परतताना त्यांनी आपली कापडी पिशवी डोक्यावरच्या फळीवर ठेवली. स्वारगेटला ते उतरले, रिक्षात बसले, आणि मग हात रिकामा असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. ते तसेच माघारी धावले. तोवर गाडी आगारात गेली होती आणि फळीवर पिशवी नव्हती.

पिशवीत पैसे म्हणाल तर तीनशे-साडेतीनशे रुपये होते. पण त्याच पिशवीत आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचे पासबुक आणि पैसे काढण्याचे कार्ड होते. शिवाय, लागलीच तर असाव्यात म्हणून आधार आणि पॅन ह्यांच्या दोन दोन छायाप्रती, खाली अण्णांची वळणदार सही केलेल्या, आणि अण्णांची दोन छायाचित्रे.

अण्णा घरी आले ते घामाघूम होऊन. मी म्हणालो, “अण्णा, आधी जेवून घ्या. उद्या सकाळी पाहू काय ते.”

“भाकरी थांबेल रे,” ते म्हणाले, “हे थांबणार नाही.” आणि त्यांनी चष्मा लावून एक कोरी वही मागितली.

त्या वहीच्या पहिल्या पानावर पहिली ओळ आहे ती अशी : ‘रात्री ८ वाजून ४० मिनिटे. बँकेस दूरध्वनी. कार्ड बंद. तक्रार क्रमांक...’ पुढे क्रमांक आहे. जेवणाआधी दूरध्वनी करण्याची ही घाई मला त्या वेळी अनाठायी वाटली. तिचे कारण मागाहून कळले. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना दिलेल्या आदेशात असे सांगितले होते, की कार्ड हरवल्याची किंवा खात्यात काही गैर घडल्याची वर्दी ग्राहकाने दिल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसावयाचे. म्हणजे वर्दी देण्याआधीचा काळ आणि नंतरचा काळ ह्यांमध्ये एक रेघ पडते. रेघेच्या अलीकडे झालेल्या नुकसानीबद्दल आपल्यालाच झगडावे लागते. ती रेघ शक्य तितकी लवकर ओढली गेली पाहिजे, एवढेच अण्णांना हवे होते.

मोबाइल सुदैवाने त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. तोही पिशवीत असता, तर बँकेबरोबरच मोबाइल कंपनीला कळवून सिम बंद करावे लागले असते. कारण हल्ली कोणताही मोठा व्यवहार पुरा करण्यापूर्वी मोबाइलवर एक सांकेतिक आकडा येतो. त्याला ओटीपी म्हणतात. हा आकडा ज्याच्या हाती पडला त्याच्यापुढे पुष्कळशी दारे आपोआप उघडतात.

त्यानंतर आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. वस्तू चोरीस गेली असेल तर गुन्ह्याची फिर्याद द्यावयाची असते. हरवली असेल तर हरवल्याची नोंद करावयाची असते, आणि ही नोंद पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही करता येते. ठाण्यातील हवालदारांनी विचारले, “आजोबा, पिशवीत काय काय होते?” तेव्हा अण्णांनी वहीतून यादी वाचून दाखविली, आणि शेवटी छायाप्रतींचाही उल्लेख करण्यास सांगितले. हवालदार हसून म्हणाले, “झेरॉक्ससुद्धा लिहायच्या?” अण्णा म्हणाले, “लिहा. मूळ कागदापेक्षा मला त्यांचीच अधिक काळजी आहे.” नोंदीचा कागद मिळाला. त्यावर तारीख, वेळ आणि क्रमांक होता. तो कागद पुढे किती मोलाचा ठरणार आहे, ह्याची कल्पना तेव्हा मला तरी नव्हती.

घरी आल्यावर माझी मुलगी पुढे सरसावली. ती त्या वेळी सातवीत होती. तिने आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटासाठी निरोप लिहून ठेवला होता : ‘माझ्या आजोबांची पिशवी हरवली आहे. कोणास सापडल्यास कळवावे.’ निरोपाच्या खाली तिने आजोबांच्या आधार कार्डाचे छायाचित्र जोडले होते. बिचारीचा हेतू चांगला होता. अण्णांनी तिला जवळ घेतले आणि म्हणाले, “बाळ, पिशवीचा रंग लिही, गाडी कोणती ते लिही, तुझ्या बाबांचा दूरध्वनी लिही. पण हे आकडे काढून टाक. आता ते फार तर एका माणसाच्या हाती आहेत. तू पाठविलेस की दोनशे माणसांच्या हाती जातील.”

मग आजोबा आणि नात मिळून दुसऱ्या कामास लागले. आधारच्या संकेतस्थळावरून आपल्या बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांची नक्षी आणि चेहरा ह्यांच्या वापराला कुलूप घालता येते. एकदा ते घातले, की कुलूप काढेपर्यंत त्यांच्या आधारे ओळख पटविता येत नाही. आपल्याला स्वतःला गरज पडली तर ते तात्पुरते उघडताही येते. आधारसंबंधी काही विचारावयाचे झाल्यास १९४७ हा दूरध्वनी क्रमांक आहे. आर्थिक फसवणूक झाली तर १९३० ह्या क्रमांकावर वर्दी द्यावयाची असते. अण्णा आयुष्यभर इतिहास शिकवीत आले. ते नातीला म्हणाले, “हे दोन आकडे विसरणे तुला शक्यच नाही. एक मिठाच्या सत्याग्रहाचे साल, दुसरे स्वातंत्र्याचे.”

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. घराची किल्ली हरवली तर आपण कुलूप बदलतो आणि जुनी किल्ली निकामी होते. बँकेच्या कार्डाचेही तसेच असते. जुने बंद होते, नवे येते, त्याचा क्रमांक निराळा असतो. परंतु आधारचा बारा आकड्यांचा क्रमांक माणसाला एकदाच मिळतो आणि जन्मभर तोच राहतो. पॅनची दहा अक्षरे व आकडेही बदलत नाहीत. कार्ड हरवले म्हणून अर्ज केला तर नवे कार्ड येते, पण त्यावर क्रमांक जुनाच असतो. त्यामुळे नवे कार्ड हाती आले की संकट टळले, असे जे पुष्कळांना वाटते ते खरे नव्हे. जुना कागद ज्याच्याजवळ आहे त्याच्याजवळ तोच क्रमांक आहे. कुलूप बदलता येत नसेल, तर दारावर पहारा ठेवणे एवढाच उपाय उरतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णांना दूरध्वनी आला. बोलणारा मोठा अदबीचा. तो म्हणाला, “नमस्कार, मी बँकेतून बोलतो. आपले पासबुक हरवल्याचे समजले. आपल्या खात्याचा क्रमांक मी वाचून दाखवितो, तो बरोबर आहे ना?” क्रमांक तंतोतंत बरोबर होता. “खाते सुरक्षित करण्यासाठी आपल्या मोबाइलवर एक आकडा येईल, तेवढा सांगा.” पासबुकावरून कोणास पैसे काढता येत नाहीत, हे खरे, पण त्यातील माहितीच्या जोरावर एखादा परका माणूस आपलासा होऊन कसा बोलू शकतो, ते त्या दिवशी दिसले. अण्णा म्हणाले, “मीच बँकेला दूरध्वनी करतो,” आणि त्यांनी संभाषण थांबविले. बँकेच्या कागदांवर छापलेल्या क्रमांकावर विचारणा केली, तेव्हा बँकेतून असा कोणीही दूरध्वनी केलेला नाही असे समजले. वहीत ती वेळही टिपली गेली.

बारा दिवसांनी पिशवी सापडली! आगारातून निरोप आला, मी जाऊन घेऊन आलो. आधार कार्ड, पॅन कार्ड, पासबुक, बंद केलेले बँकेचे कार्ड, सारे जागच्या जागी होते. पैसे तेवढे गेले होते. घरात आनंदीआनंद झाला; आईने देवापुढे साखर ठेवली. मी म्हणालो, “चला, प्रकरण मिटले.”

अण्णा पिशवीत हात घालून कितीतरी वेळ चाचपीत होते. अखेर ते म्हणाले, “छायाप्रती नाहीत. छायाचित्रेही नाहीत.” मूळ कागद परत आले आणि नकला मात्र गेल्या, ह्याचा अर्थ काय, हे आम्ही कोणी बोललो नाही. पोलीस ठाण्यात जाऊन त्यांनी हीही गोष्ट लेखी कळविली.

त्या संध्याकाळी नातीने त्यांना विचारले, “आजोबा, कोणी तुमच्यासारखा होऊन वागू लागला तर लोकांना कळणार नाही का?” त्यावर अण्णांनी तिला तोतयाची गोष्ट सांगितली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणावर सदाशिवरावभाऊ पेशवे पडले. परंतु भाऊ जिवंत असतील, अशी आशा पुष्कळांच्या मनात रेंगाळत होती, आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाई ह्यांनीही आपले वैधव्य मानले नाही. अशा वेळी एक मनुष्य ‘मीच भाऊ’ असे म्हणत पुढे आला. त्याला पकडून कैदेत ठेवण्यात आले. पण १७७६ साली तो रत्नागिरीहून सुटला, माणसे त्याच्याभोवती गोळा झाली, आणि कोकणातील बराच मुलूख काही काळ त्याच्या अमलाखाली गेला. शेवटी तो पकडला गेला, पुण्यात चौकशी झाली, खऱ्या भाऊंना ओळखणाऱ्यांनी पारख केली, आणि त्या तोतयाला देहान्ताची शिक्षा झाली. “त्याला भाऊंसारखे दिसावे लागले,” अण्णा म्हणाले, “बोलावे लागले, भाऊंच्या माणसांसमोर उभे राहावे लागले. आजच्या तोतयाला ह्यातले काहीच करावे लागत नाही. मला ओळखणारा माणूस त्या खिडकीत बसलेलाच नसतो.”

हे ऐकून कोणास वाटेल की कागद नसते तर बरे झाले असते. तसे नाही. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. गावाबाहेर गेले की ज्यांच्याजवळ आपण कोण हे दाखविणारा एकही कागद नसे, अशी कोट्यवधी माणसे ह्या देशात होती. कागद नसण्याचे दुःख ज्याने भोगले आहे त्याला त्याचे मोल अधिक कळते.

पुढचे आठ महिने काहीच घडले नाही. आम्ही पिशवी विसरलो. आणि जुलै २०२४ मध्ये एका कर्ज देणाऱ्या कंपनीचे पत्र अण्णांच्या नावाने आले. त्यांनी ११ जानेवारी २०२४ रोजी एका दुकानातून हप्त्यांवर दोन मोबाइल संच घेतले असून अडतीस हजार रुपये थकले आहेत, न भरल्यास कायदेशीर इलाज केला जाईल, असा मजकूर होता. ज्यांनी आयुष्यात वाण्याची उधारीही ठेवली नाही, ते अण्णा ते पत्र हातात धरून खुर्चीवर बसून राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पैशांचे दुःख त्यात फारसे नव्हते. दारावर कोणी वसुलीस आला आणि शेजाऱ्यांनी ऐकले तर, हा विचार त्यांना सोसवत नव्हता.

एक काम अण्णांकडून राहून गेले होते, हे येथे सांगितले पाहिजे. आपल्या देशात कोणी, केव्हा, किती कर्ज घेतले आणि फेडले ह्याची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. २००५ सालच्या एका कायद्याने त्यांच्या कामाचे नियमन होते. ह्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा आपल्या नावाचा संपूर्ण अहवाल विनामूल्य मागविता येतो. पॅनच्या आधारे कोणी आपल्या नावावर कर्ज काढले, तर ते त्या अहवालात उमटते. अण्णांनी तो दोन-तीन महिन्यांनी मागविला असता, तर जानेवारीतील कर्ज उन्हाळ्याआधीच दिसले असते. पिशवी परत आल्यामुळे मनाचा पहारा सैल पडला, तो असा.

आता मात्र वही पुन्हा बाहेर आली. अण्णांनी कंपनीला पत्र लिहिले. मी ते वाचले तेव्हा त्यातील शांतपणाचे मला नवल वाटले. रागाचा एक शब्द नव्हता. हे कर्ज माझे नाही. माझे कागद २२ नोव्हेंबर २०२३ रोजी हरवले. त्याच रात्री पोलिसांत नोंद झाली, तिची प्रत सोबत आहे, तीत छायाप्रतींचा उल्लेख आहे. आपला कर्जाचा अर्ज, त्यावरील छायाचित्र, सही आणि दूरध्वनी क्रमांक मला दाखवावा. एवढेच. त्याबरोबर त्यांनी १९३० वर वर्दी दिली, पोलिसांत फसवणुकीची लेखी तक्रार केली, आणि कर्जाची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांकडेही हरकत नोंदविली. अशी हरकत तीस दिवसांत निकालात काढावी, त्याहून विलंब झाल्यास दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेने २०२३ साली काढलेला आदेश आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, संकेतशब्द किंवा ओळखीचे असेच साधन लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क खाली गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

दरम्यान नातीने ‘संचार साथी’ ह्या सरकारी संकेतस्थळावर आजोबांच्या नावाने किती मोबाइल जोडण्या आहेत ते पाहिले. दोन निघाल्या. एक त्यांची स्वतःची. दुसरीचा क्रमांक घरात कोणासही ठाऊक नव्हता. ती आपली नसल्याचे तिने तेथेच कळविले.

कंपनीने अर्ज काढून पाहिला. त्यावर अण्णांच्या आधार-पॅनच्या प्रती होत्या. खाली वळणदार सही होती, ती खरीच होती. पण अर्जावर चिकटविलेले छायाचित्र एका तरुणाचे होते, आणि दूरध्वनी क्रमांक तो दुसरा. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे कर्जाची तारीख. पोलिसांच्या नोंदीनंतर पन्नास दिवसांनी ते कर्ज निघाले होते. ही नोंद नसती, तर खरी सही असलेल्या कागदापुढे अण्णांच्या शब्दाला किती वजन आले असते, कोण जाणे! ऑगस्ट अखेरीस कंपनीचे दुसरे पत्र आले. कर्ज अण्णांचे नाही हे मान्य करण्यात आले होते, आणि त्यांच्या नावावरील नोंदही पुढे काढून टाकण्यात आली. तो तरुण मात्र अद्याप सापडलेला नाही.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अण्णा पुन्हा साताऱ्याला निघाले. ह्या खेपेस मी सोबत होतो. आदल्या रात्री ते नातीला जवळ बसवून छायाप्रती तयार करीत होते. आधारची प्रत त्यांनी पहिले आठ आकडे झाकलेली अशी घेतली होती. तशी ती मिळू शकते. मग त्यांनी निळ्या शाईने प्रतीच्या मधोमध, छापील मजकुरावरूनच, तिरपे लिहिले : ‘केवळ हयातीच्या दाखल्यासाठी’, खाली बँकेचे नाव, तारीख आणि सही.

“आजोबा, चांगली प्रत खराब कशाला करता?” नातीने विचारले.

अण्णा म्हणाले, “शिवाजी महाराजांची पत्रे मी तुला चित्रात दाखविली होती, आठवते? पत्राच्या आरंभी मोठी राजमुद्रा असे. पण मजकूर संपला, की अगदी त्याला लागून आणखी एक लहानशी मुद्रा उठवीत. तिला मर्यादेची मुद्रा म्हणत. मजकूर येथे संपला; ह्यापुढे कोणी एक अक्षर वाढवू नये, ह्यासाठी ती असे. माझ्याजवळ मुद्रा नाही, म्हणून शाईने लिहितो.”

दुसऱ्या दिवशी बँकेच्या खिडकीतील मुलीने ती प्रत हातात घेतली, तिरपे लिहिलेले वाचले आणि चष्म्यावरून अण्णांकडे पाहिले. मग तिने शिक्का उचलला आणि निळ्या अक्षरांना धक्का न लावता कडेला मारला. अण्णांनी उरलेली प्रत मोजून घेतली, पिशवीत ठेवली, आणि पिशवीचा बंद मनगटाला दोनदा गुंडाळला.